बाकावरचा दुसरा माणूस

व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेत सहायक प्रशिक्षकाविषयी एक लहानसे कलम आहे. २०२१ ते २०२४ या काळासाठीच्या पुस्तिकेत ते होते, त्याआधीच्या आवृत्त्यांतही होते. त्याचा आशय असा : सहायक प्रशिक्षक संघाच्या बाकावर बसतो, मात्र सामन्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्याला नसतो. मुख्य प्रशिक्षकाला काही कारणाने संघ सोडून जावे लागले, तर मैदानावरील कर्णधाराने विनंती करायची, पहिल्या पंचाने ती मान्य करायची आणि त्यानंतरच या दुसऱ्या माणसाला मुख्य प्रशिक्षकाचे काम हाती घेता येते. तोवर त्याने पाहायचे, टिपून ठेवायचे आणि गप्प राहायचे.

साहित्याच्या अभ्यासकाला हे कलम वाचताना एका कथेचे बीज सापडल्यासारखे वाटेल. सगळे काही जाणणारा आणि काहीही न बोलणारा माणूस ही कथनशास्त्राच्या दृष्टीने मोठी आकर्षक जागा आहे. परंतु मला या कलमातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. हा नियम सहायक प्रशिक्षकाला बोलू देत नाही, पण त्याचे अस्तित्व मान्य करतो. त्याला बाकावर जागा देतो, गुणपत्रकावर त्याच्या नावासाठी ओळ ठेवतो. आपल्या महाविद्यालयीन व्यवस्थेत नेमके याच्या उलट घडते. आपल्याकडे सहायक प्रशिक्षकाचे काम रोज संध्याकाळी होते, ते करणारा माणूसही असतो. मात्र ते पद नसते. आणि त्या नसलेल्या पदाची भरपाई आपण एका विशेषणाने करतो. हे विशेषण मराठीतले आहे, आपल्या गौरवपर गद्याने घडवलेले आहे. म्हणून या विषयावर क्रीडाशिक्षकांइतकेच मराठीच्या शिक्षकांनीही बोलले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न पाहण्यासाठी कनेरगाव नाका हे ठिकाण सोयीचे आहे. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे हे गाव मराठवाड्याच्या शेवटी आणि विदर्भाच्या उंबऱ्यावर वसलेले आहे. एकेकाळी इकडे निजामाचे राज्य होते आणि तिकडे वऱ्हाड. पुढे दोन्ही बाजू एकाच महाराष्ट्रात आल्या; वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून आणि हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. सरहद्द पुसली गेली तरी तिची एक रेघ शिक्षणात शिल्लक आहे. या परिसरातला मुलगा हिंगोलीच्या महाविद्यालयात गेला, तर तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा खेळाडू होतो. वाशीमला गेला, तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा. एकाच गल्लीत खेळलेली दोन मुले पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाळीच्या दोन बाजूंना उभी राहू शकतात. त्यांचे पहिले मैदान मात्र एकच असते, आणि पुष्कळदा त्या मैदानावरचा शिकवणारा माणूसही एकच असतो.

आपल्या खेड्यापाड्यांत व्हॉलीबॉल इतका का रुजला, याचे उत्तर सोपे आहे. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद अशी सपाट जागा एवढ्यावर बारा माणसे खेळतात. हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन यांनी शोधला तो मुळी मध्यमवयीन, दमलेल्या नोकरदारांना झेपेल असा खेळ हवा म्हणून. ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेमार्फत तो भारतात आला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याचे एक वेगळे रूपही लोकप्रिय झाले, ते म्हणजे ‘शूटिंग’. मुठी आवळून किंवा हात जुळवून चेंडू जोरात पलीकडे धाडण्याचा हा खेळ पाहायला यात्रेच्या मैदानावर गर्दी लोटते. महाविद्यालयात खेळला जाणारा व्हॉलीबॉल वेगळा असतो. तिथे चेंडू अडवायचा, उचलून द्यायचा आणि मग मारायचा अशी तीन स्पर्शांची शिस्त असते. गावातून आलेल्या मुलाच्या हातात जोर असतो, नजर असते. पण त्याची मूठ उघडावी लागते. बोटांच्या टोकांवर चेंडू क्षणभर झेलल्यासारखा घेऊन तो अलगद वर सोडणे ही शिकायची गोष्ट आहे, आणि तिला महिने लागतात. ही मूठ कोण उघडतो?

उत्तर : तोच, बाकावरचा दुसरा माणूस. त्याचा जीवनक्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. तो त्याच महाविद्यालयाचा माजी खेळाडू असतो. एखाद्या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवडला गेलेला असतो. ‘अश्वमेध’ला किंवा पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आलेला असतो, त्या वर्षीचा रंग उडालेला ट्रॅकसूट त्याच्याकडे अजून असतो. पंचविशीच्या सुमारास विद्यापीठ संघाचे दार बंद होते. पोलीस भरतीचे एक-दोन प्रयत्न होतात. मग घरची शेती, एखादे दुकान किंवा खासगी शाळेतली अर्धवेळ नोकरी मागे लागते. मात्र संध्याकाळी पाय मैदानाकडेच वळतात. शारीरिक शिक्षण संचालक त्याला म्हणतात, ‘जरा पोरांकडे बघ.’ या तीन-चार शब्दांपलीकडे त्याची नेमणूक कोणत्याही कागदावर होत नाही. मुले त्याला ‘सर’ म्हणू लागतात. फक्की मारून मैदान आखणे, जाळी मुलांसाठी दोन मीटर त्रेचाळीस आणि मुलींसाठी दोन मीटर चोवीस सेंटिमीटरवर ताणून बांधणे, टेबलावर उभे राहून पलीकडच्या मुलांवर एकामागून एक चेंडू मारत राहणे, चेंडू उचलून देणाऱ्या मुलासाठी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लिफ्टरसाठी, शेकडो वेळा चेंडू फेकणे, हे त्याचे रोजचे काम. स्पर्धेच्या दिवशी तो पहाटेच्या एसटीत मुलांबरोबर असतो, प्रतिस्पर्धी संघ कुठे सर्व्हिस टाकतो ते वहीच्या मागच्या पानावर टिपतो आणि सामना संपला की छायाचित्रात उजवीकडच्या टोकाला उभा राहतो. छायाचित्राखालच्या ओळीत प्राचार्य, संचालक आणि कर्णधार यांची नावे असतात.

असे वीस वर्षे चालते. त्याच्या हाताखालून गेलेली काही मुले सैन्यात, पोलिसांत, रेल्वेत लागतात. शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; त्याच्या जोरावर एखाद्याचे घर उभे राहते. ज्या प्रमाणपत्रावर हे घर उभे राहिले, त्यावर या माणसाची सही नसते. पंचेचाळिशीला त्याचा गुडघा दुखू लागतो. वीस वर्षे त्याने नेमके काय केले हे सांगणारा एकही अनुभवदाखला त्याच्याजवळ नसतो.

यावर कुणी म्हणेल की, महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद आहेच की. आहे, आणि ते वेतनश्रेणीच्या दृष्टीने अध्यापकाच्या बरोबरीचे आहे. त्या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये काढलेली नियमावली वाचण्यासारखी आहे. तिच्यात पदव्युत्तर पदवी आणि पंचावन्न टक्के गुण आहेत, नेट परीक्षा आहे, आंतरमहाविद्यालयीन वा आंतरविद्यापीठ स्पर्धांतील सहभाग आहे. शिवाय शारीरिक क्षमतेची कसोटी आहे : तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत अठराशे मीटर अंतर कापायचे, स्त्री उमेदवाराने आठ मिनिटांत एक हजार मीटर, वय वाढेल तसे अंतर कमी होत जाते. बारा मिनिटांत किती मीटर धावला याचा हिशेब त्यात आहे. वीस वर्षांच्या संध्याकाळी जाळीजवळ उभे राहून किती मुले घडवली याला मात्र त्यात रकाना नाही. तो असावा अशी अपेक्षाही चूक ठरेल, कारण ती नियमावली दुसऱ्या पदासाठी आहे. अडचण अशी की, ज्याच्यासाठी हा रकाना लागतो त्या माणसासाठी कोणतीच नियमावली नाही. एकटा संचालक कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ सांभाळतो, क्रीडासाहित्याच्या नोंदी ठेवतो, प्रवेश-परीक्षांच्या कामांत अडकतो. प्रत्येक खेळाचे तंत्र शिकवणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही, हे तोही जाणतो. म्हणूनच तो ‘जरा पोरांकडे बघ’ असे म्हणतो. दोष त्याच्या पदरात टाकून मोकळे होण्यात अर्थ नाही.

शिकवण्याचे रीतसर शिक्षण या देशात मिळतच नाही असेही नाही. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून उभे आहे. कनेरगाव नाक्याच्या वऱ्हाडाकडच्या बाजूला ज्या विद्यापीठाचा कारभार चालतो, त्याच अमरावतीत. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि तिथली प्रशिक्षणाची पदविका घेतलेल्या माणसाला मैदानावर ‘एनआयएस केलेला’ अशी बिरुदावली मिळू लागली. परंतु ही पदविका घेऊन परतलेल्या माणसासाठी महाविद्यालयात जागा कुठली? शिकण्याची सोय झाली, शिकलेले वापरण्याची झाली नाही.

दुसरीकडे काय घडते ते पाहू. तुलना अन्यायाची आहे, पैशाचे अंतर प्रचंड आहे, हे आधीच मान्य करतो. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकन शहराच्या फुटबॉल मैदानात झाला, तेव्हा ब्याण्णव हजार तीन प्रेक्षक उपस्थित होते. आकडा थक्क करणारा आहे, पण मला त्या संघाच्या प्रशिक्षकाचा प्रवास अधिक बोलका वाटतो. जॉन कुक हे आधी याच विद्यापीठात टेरी पेटिट यांचे सहायक होते. मग दुसऱ्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले, पुन्हा पेटिट यांच्या हाताखाली परतले आणि २००० मध्ये त्यांच्या जागी आले. त्याच वर्षी त्यांच्या संघाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२५ च्या आरंभी ते निवृत्त झाले. दुसरे उदाहरण कार्च किराय यांचे. १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, १९९६ मध्ये वाळूवरच्या व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक, असा हा खेळाडू. तोसुद्धा २००९ पासून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत अमेरिकेच्या महिला संघात ह्यू मॅककचन यांचा सहायक म्हणून बाकावर बसला. त्यानंतर तो मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. सर्वांत मोठ्या खेळाडूलाही शिकवण्याची कला वेगळी शिकावी लागते, आणि ती शिकण्याची जागा म्हणजे हा दुसरा बाक, हे तिथे गृहीत धरलेले आहे. म्हणून तिथे त्या बाकाला ‘कारकीर्द’ म्हणता येते. कारकीर्द या शब्दाला दोन पायऱ्या तरी लागतात. आपल्या माणसाला पहिलीच पायरी नाही, मग चढणार कुठे?

इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. पायरी नसताना हा माणूस वीस वर्षे टिकतो कसा? त्याचे खेळावर प्रेम असते, हे खरेच. पण भोवतालचा समाज त्याला एक मोबदलाही देतो. तो मोबदला शब्दांचा असतो. दर काही वर्षांनी एखाद्या कार्यक्रमात शाल आणि श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो आणि मानपत्र वाचले जाते. ते मानपत्र बहुधा मराठी विभागाने लिहिलेले असते. त्यात ‘ध्येयवेडा’, ‘निःस्वार्थी’, ‘प्रसिद्धिपराङ्मुख’, ‘मोबदल्याची अपेक्षा न ठेवता’ हे शब्द ठरल्या क्रमाने येतात. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, खुद्द त्या माणसाचेही. या शब्दांत खोटे काही नाही. पण हे शब्द नेमके काय काम करतात ते तपासायला हवे. ‘मोबदल्याची अपेक्षा न ठेवता’ या शब्दबंधात मोबदला दिला गेला नाही हे वास्तव लपते, आणि न देणाऱ्याची त्रुटी न घेणाऱ्याचा गुण होऊन बसते. वाक्याचा कर्ता बदलला आहे. ‘आम्ही त्याला काही दिले नाही’ या वाक्याचे ‘त्याने काही मागितले नाही’ असे रूपांतर झाले आहे. प्रयोगांतर शिकवताना आपण वर्गात अशीच उदाहरणे देतो. मानपत्र लिहिताना मात्र ते आपल्या लक्षात येत नाही.

हा केवळ मानपत्रांचा प्रश्न नाही, एका साहित्यप्रकाराचाही आहे. मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा समृद्ध आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधून साध्या माणसांना साहित्यात प्रतिष्ठेची जागा मिळाली, पु. ल. देशपांडे यांच्या चितळे मास्तरांनी शिक्षकाचे एक रूप मराठी मनावर कायमचे कोरले. ही मोठी देणगी आहे. पण मोठ्या लेखकांच्या मागून येणाऱ्या नकलांमध्ये त्या चित्रांतली तिरकस नजर नाहीशी झाली आणि केवळ हळवेपणा उरला. दिवाळी अंकांतून, स्मरणिकांतून, गौरवग्रंथांतून एक साचा तयार झाला : फाटकी चप्पल, सायकल, विद्यार्थ्यांवर जीव, संसाराकडे दुर्लक्ष आणि शेवटी मोठा अधिकारी झालेला विद्यार्थी पायांवर डोके ठेवतो. या साच्यात दारिद्र्य ही शोभा होते. अशा माणसाच्या पत्नीने तो संसार कसा रेटला, मुलांची शाळेची फी कुणी भरली, गुडघ्यावरच्या उपचाराचे पैसे कुठून आले, हे प्रश्न त्या चित्रात येत नाहीत. आले तर चित्राचा रंग बिघडेल अशी भीती असते. नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाने एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात भटकणारा प्राध्यापक मराठी कादंबरीत आणला आणि शिक्षणसंस्थांच्या आतला व्यवहार उघडा केला. तशी कोरडी, हिशेबी नजर मैदानावरच्या माणसाच्या वाट्याला अजून आलेली नाही. कुस्तीच्या वस्तादाभोवती निदान दंतकथांचे वलय तरी आहे. व्हॉलीबॉल शिकवणाऱ्याला तेही नाही.

प्रतीकांच्या बाबतीतही आपण असेच वागलो. भारत सरकारने १९८५ मध्ये प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि त्याला द्रोणाचार्यांचे नाव दिले. १९९० मध्ये हा पुरस्कार मिळालेल्यांत रमाकांत आचरेकर होते आणि व्हॉलीबॉलचे ए. रमणराव होते. आचरेकर महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत. रमणरावांचे नाव आपल्या मैदानांवरही फारसे कानी पडत नाही. खेळाच्या लोकप्रियतेनुसार गुरूची कीर्ती ठरते, हे त्यातून दिसते. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे ते नाव. द्रोण हे राजघराण्याच्या नेमणुकीतले गुरू. ज्याला शिकवले नाही, त्याच्याकडूनही त्यांनी अंगठा मागितला. दलित साहित्याने एकलव्याच्या बाजूने या कथेचे जे पुनर्वाचन केले, ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको.

हिंगोली जिल्ह्याजवळ दुसरी गुरुकथा आहे, आणि ती मला या विषयाला अधिक जवळची वाटते. नरसी हे नामदेवांचे गाव याच जिल्ह्यातले, औंढा नागनाथही इथलेच. गोरोबाकाकांच्या थापटण्याने ‘कच्चे मडके’ ठरलेले नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव रागावले, तेव्हा ‘जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव’ असे ते म्हणाले, आणि नामदेवांना जे कळायचे होते ते कळले. विसोबांपाशी ना पीठ होते, ना नेमणूक. आज ते स्मरणात आहेत ते मुख्यतः नामदेवांचे गुरू म्हणून. मूठ उघडणे आणि पाय नीट ठेवायला शिकवणे एवढेच काम करून शिष्याच्या नावाआड राहणारा गुरू ही आपल्या भूमीची ओळखीची प्रतिमा आहे. मात्र तेराव्या शतकातील विरक्ताची ही प्रतिमा एकविसाव्या शतकातील गृहस्थाला लावून त्याच्याकडून फुकट काम करून घेणे हा विसोबांचाही अपमान आहे. विसोबांना कुणी ‘जरा पोरांकडे बघ’ असे सांगून ठेवून घेतले नव्हते.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही सहकारी प्रामाणिकपणे म्हणतात की, पैसा आणि पद आले की या कामातला जिव्हाळा जाईल. आज जो माणूस प्रेमापोटी येतो, तो उद्या हजेरीपुरता येईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पदे निर्माण झाली की त्यांच्याभोवती काय काय जमते, हे आपण पाहिलेले आहे. पण हाच तर्क आपण स्वतःला लावू का? वेतन घेतो म्हणून आपल्या शिकवण्यातला जिव्हाळा गेला, असे कोणता प्राध्यापक मान्य करील? जिव्हाळा आणि मोबदला यांचे वैर आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या बाबतीतच दिसते. शिवाय जिव्हाळ्यावर चालणारे काम फक्त ज्याला परवडते तोच करू शकतो. ज्याच्या घरी थोडी शेती आहे, कुणीतरी कमावते आहे, तो मैदानावर टिकतो. भूमिहीन घरातला, तितकाच जाणता खेळाडू दोन वर्षांत पुण्याच्या किंवा मुंबईच्या रस्त्याला लागतो. मुलींची अवस्था याहून कठीण. विद्यापीठाकडून खेळलेली मुलगी लग्नानंतर मैदानावर विनामोबदला यायला निघाली, तर घरात तिला काय उत्तर मिळेल ते सांगायला नको. म्हणून मुलींच्या संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक हवी, तेव्हा बहुतेक ठिकाणी मराठीच्या किंवा इतिहासाच्या मॅडम पाठवल्या जातात. त्या मायेने मुलींची काळजी घेतात, पण ब्लॉकसाठी उडी केव्हा घ्यावी हे त्या कसे सांगणार? जी सांगू शकली असती, ती घरी बसलेली असते. निःस्वार्थाचे कौतुक करताना ही गाळणी आपल्या ध्यानात येत नाही.

मराठीच्या शिक्षकांना तर हे दुःख परके वाटण्याचे कारणच नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे आपले तरुण सहकारी याच अवस्थेत आहेत. तासाप्रमाणे मानधन, दरवर्षी नव्याने नेमणूक, सुट्टीत शून्य. फरक इतकाच की, त्यांच्याजवळ निदान नेमणुकीचा कागद असतो. मैदानावरचा त्यांचा भाऊ त्याच्याही एक पायरी खाली उभा आहे. आपण ‘सहायक’ की ‘सहाय्यक’ यावर शुद्धलेखनाचा वाद घालतो, आणि तो घालावाही. पण ज्याच्या नावामागे तो शब्द लागायला हवा, त्या माणसाची नोंद कोणत्याही लेखनात नाही, याचीही चर्चा व्हायला हवी.

ही चर्चा आत्ताच व्हावी, याला एक कारण आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी अभ्यासक्रम रचना आली आणि तीत सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळाले. क्रीडा हा आता संध्याकाळचा छंद राहिला नसून पदवीच्या हिशेबातला भाग झाला आहे. विद्यार्थ्याला मैदानावरच्या तासांचे श्रेयांक मिळणार असतील, तर ते तास घेणारा माणूस शिक्षक ठरतो. ज्याच्या शिकवण्यावर पदवीचे गुण उभे आहेत, तो कागदावर अस्तित्वातच नसावा ही विसंगती शैक्षणिक आहे, केवळ भावनिक नाही.

उपाय फार मोठे सुचवत नाही. पूर्णवेळ पदे निर्माण होतील तेव्हा होतील. पण तीन गोष्टी महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या पातळीवर आजही शक्य आहेत. पहिली, खेळ शिकवण्यासाठी बोलावलेल्या प्रत्येकाला लेखी पत्र द्यावे आणि तासिका तत्त्वाप्रमाणे ठरलेले मानधन द्यावे, मग ते कितीही थोडे असो. दुसरी, दरवर्षी अनुभवदाखला द्यावा आणि पतियाळाच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्र वर्गाला पाठवण्याचा खर्च क्रीडानिधीतून करावा. तिसरी, संघाच्या प्रवेशिकेत, निकालात आणि वार्षिकांकात त्याचे नाव सहायक प्रशिक्षक म्हणून छापावे. तिसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

चौथी गोष्ट मराठी विभागांची आहे. दरवर्षी आपण प्रकल्पांसाठी विषय शोधत असतो आणि त्याच त्या कवींची त्याच त्या अंगांनी आवर्तने होतात. हिंगोली, वाशीम, परभणी, नांदेडच्या मैदानांवर वीस-वीस वर्षे काढलेल्या माणसांच्या मुलाखती विद्यार्थ्यांनी घ्याव्यात. त्यांची भाषा टिपावी. खेळातील इंग्रजी शब्दांना या मैदानांवर कोणती रूपे आली, ‘शूटिंग’मधल्या मुलाला बोटांनी चेंडू घ्यायला शिकवताना कोणत्या उपमा वापरल्या जातात, हा बोलीच्या अभ्यासाचा अस्सल विषय आहे. त्याचबरोबर हिशेबही टिपावा : किती वर्षे, किती मुले, किती मानधन, कुणाचे किती देणे राहिले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, तेव्हा आखाडा आणि तालीम यांचे ज्ञान मराठीत नोंदले गेले. पुढच्या काळातील मैदानांची नोंद करणे हे आपल्या वाट्याचे काम आहे.

आणि पुढच्या खेपेला मानपत्र लिहायची वेळ आली, तर ‘मोबदल्याची अपेक्षा न ठेवता’ हे शब्द लिहिण्याआधी प्राचार्यांना एकदा विचारावे : अपेक्षा त्यांनी ठेवली नाही, की मोबदला आपण ठेवला नाही? उत्तर मिळेपर्यंत ती ओळ कोरी ठेवली तरी चालेल.